जपानी वेगवान मोटारींचे निरीक्षण, ऑस्ट्रेलियातील

सिडनी, मेलबर्न यांसारख्या शहरांच्या उपनगरांत, रोजच्या रहदारीत किंवा घरांपुढे उभ्या असलेल्या जपानी वेगवान मोटारी हेरून त्यांची नेमकी आवृत्ती ओळखण्याचा व छायाचित्रे टिपण्याचा हा छंद आहे. निस्सान स्कायलाइन, माझ्दा आरएक्स-7, टोयोटा सुप्रा आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या त्यातील मानाच्या गाड्या होत.

या छंदाच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. एका मतानुसार त्याचे मूळ बाथर्स्ट 1000 या ऑस्ट्रेलियातील मोटार शर्यतीत आहे. स्कायलाइनची जीटी-आर ही वेगवान आवृत्ती (आर32 पिढीची) चालवून जिम रिचर्ड्स व मार्क स्केफ यांनी 1991 आणि 1992 अशी लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकली आणि ‘गॉडझिला’ हे तिचे ऑस्ट्रेलियात रूढ झालेले टोपणनाव सर्वतोमुखी झाले. दुसरे मत वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवर भर देते व तेच अधिक ग्राह्य वाटते. कारण निस्सानने 1991 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अधिकृतपणे विकलेल्या जीटी-आर जेमतेम शंभर होत्या आणि एवढ्यांवर गल्लोगल्ली गाड्या शोधण्याचा छंद पोसला जाणे कठीण. शिवाय बाथर्स्टशी काहीही संबंध नसलेली टोयोटा सोअरर दिसली तरी जाणकार थबकतात.

जपानमध्ये नव्या खाजगी मोटारीला तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही खर्चिक तपासणी करावी लागते, त्यामुळे चांगल्या स्थितीतील गाड्याही लवकर विक्रीस निघतात. दोन्ही देशांत वाहने डावीकडून चालत असल्याने सुकाणूही हलवावे लागत नाही. जुन्या गाड्या आयात करण्याच्या सवलतीसाठी ऑस्ट्रेलियात पुढे 1 जानेवारी 1989 पूर्वीच्या उत्पादनाची अट आली. आर32 जीटी-आर त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील असल्याने ती अवघ्या काही महिन्यांनी या सवलतीबाहेर राहिली आणि गाडीत स्थानिक नियमांनुसार बदल करणाऱ्या नोंदणीकृत कार्यशाळांच्या मार्गाने येऊ लागली. जुलै 2021 पासून त्या ठरावीक तारखेऐवजी पंचवीस वर्षांची सरकती मर्यादा लागू आहे, म्हणजे गाडी किमान पंचवीस वर्षे जुनी असावी लागते.

ओळख पटवण्याच्या खुणा बारीक असतात. जपानी नंबरप्लेट 330 × 165 मिमी., तर ऑस्ट्रेलियातील नेहमीची 372 × 134 मिमी. असते, त्यामुळे आयात गाडीच्या मागच्या आखूड, उंच खोबणीत स्थानिक पाटी नीट बसत नाही. काचेतून डोकावल्यास वेगदर्शकाचा आकडा ताशी 180 किमी.वर संपलेला दिसतो. मागचे चार गोल दिवे साध्या जीटीएस-टी स्कायलाइनलाही असल्याने नवखे तेथे फसतात. जीटी-आरचे फुगीर मडगार्ड आणि 2,568 घ.सेंमी.च्या सहा सिलिंडरी इंजिनाचा आवाज यांवर विसंबणे योग्य.

या गाड्या चोरांच्याही डोळ्यांत भरतात, म्हणून छायाचित्र इतरांना दाखवताना नंबर पुसण्याचा आणि घराचा पत्ता न सांगण्याचा संकेत जाणकार पाळतात.