जेट स्कीचा कार्ब्युरेटर: स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

जुनी टू-स्ट्रोक जेट स्की कुरकुरायला लागली की बहुतेकांचा हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. मिश्रणाचे स्क्रू थोडे इकडे-तिकडे फिरवले जातात, आवाज जरा सुधारतो, मशीन परत पाण्यात उतरतं आणि अनेकदा काही दिवसांतच पिस्टन जाम होतो. माझं ठाम मत आहे की वर्षानुवर्षं बरा चाललेला कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, स्क्रूच्या मापामुळे अचानक बिघडत नाही. इंधनाच्या वाटेत कुठेतरी काहीतरी बदललेलं असतं. ते न शोधता स्क्रू फिरवला तर दुखणं फक्त झाकलं जातं.

टू-स्ट्रोक इंजिनात हे जिवावर का बेततं? यामाहाची सुपरजेट ही जेट स्की 2020पर्यंत टू-स्ट्रोक होती. तिच्या पेट्रोलमध्येच 50 भागांना 1 भाग ऑइल मिसळावं लागतं. त्यामुळे मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टनला तेलही कमी मिळतं आणि आत येणाऱ्या पेट्रोलमुळे मिळणारा गारवाही घटतो. रस्त्यावरच्या गाडीला उतार मिळतो, सिग्नल मिळतो. इथे इम्पेलर, म्हणजे मशीन पुढे नेणारा पंखा, सतत पाणी ढकलत असतो, आणि इंजिन मिनिटाला 6,000हून जास्त फेऱ्यांवर पूर्ण भाराखाली चालतं. त्यात फसवी गोष्ट अशी की किंचित लीन झालेलं इंजिन सुरुवातीला जास्त तरतरीत वाटतं.

आता कार्ब्युरेटरच्या आत बघू. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी आणि त्यात तरंगणारा फ्लोट असतो. लाटांवर उडणाऱ्या, उलटणाऱ्या मशीनमध्ये तो टिकाव धरत नाही. म्हणून मिकुनी कंपनीच्या सुपर बीएनसारख्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटऐवजी रबराचा पातळ पडदा असतो, डायफ्राम. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा कप्पा. इंजिनाने पेट्रोल ओढलं की कप्प्यातला दाब कमी होतो, डायफ्राम आत ओढला जातो, छोट्या तरफेला दाबतो, आणि तरफ पेट्रोलची वाट अडवणारी सुई उचलून नवं पेट्रोल आत सोडते. तरफेखालची स्प्रिंग सुईला बंद ठेवायला बघते. सुई किती दाबाला उघडते, त्याला पॉप-ऑफ प्रेशर म्हणतात. हे माप स्प्रिंग आणि सुईची सीट (सुई जिथे बसते ते भोक) या जोडीवर ठरतं: सुपर बीएनला 65, 80, 95 आणि 115 ग्रॅमच्या स्प्रिंग मिळतात, आणि सीट 1.5, 2.0, 2.3, 2.5 मिलिमीटर अशा मापांत.

हा दाब जास्त असेल तर थ्रॉटल दाबताच इंजिन क्षणभर दबतं, कारण सुई उशिरा उघडते. कमी असेल तर स्लोवर, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असताना, पेट्रोल झिरपत राहतं आणि प्लग ओले होतात. छोट्या हातपंपाने आणि गेजने हे माप घेता येतं, पण सुई पेट्रोलने ओली करून घ्यावी. कोरड्या सुईचे आकडे दर वेळी वेगळे येतात. सुई उघडून परत बसल्यावर थोडा दाब तिने धरून ठेवला पाहिजे. गेजचा काटा हळूहळू खाली येत असेल तर सुई-सीटची जोडीच बदलावी.

पण हेही उघडण्याआधी टाकीपासून सुरुवात करा. टाकीचं झाकण किंचित सैल करून मशीन सुधारलं, तर हवा आत घेणारी नळी तुंबलेली आहे. कॉक रिझर्व्हवर टाकून सुधारलं, तर नेहमीच्या वाटेत कचरा आहे. पूर्ण थ्रॉटलला चोक अगदी थोडा ओढल्यावर इंजिनाने उचल घेतली, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की, आणि तेवढं कळल्यावर लगेच थांबावं. इंधनपंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या) दाबाच्या चढउतारावर चालतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. म्हणून टाकी ते पंप या नळीला चीर पडली तर तिथून थेंब गळत नाहीत, उलट हवा आत जाते. डोळ्यांना सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि इंजिन लीन होत राहतं. अशी नळी हलक्या दाबाने हवा भरूनच तपासावी लागते.

1990च्या दशकातल्या बऱ्याच सी-डू (जेट स्कीचा एक ब्रँड) मशीनमधल्या पेट्रोलच्या करड्या नळ्यांचा किस्सा जुन्या मालकांना माहीत असतो. या नळ्या आतून विरघळत जातात आणि हिरवा चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या आतल्या बारीक जाळीवर साचतो. नळ्या तशाच ठेवून फक्त कार्ब्युरेटर धुतला तर तो पुन्हा तुंबणारच.

आपल्याकडे आता इथेनॉलचाही विचार करावा लागतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा पट पुरते. कार्ब्युरेटरला हा फरक ओळखता येत नाही. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच राहतं, म्हणून मिश्रण आपोआप लीनकडे सरकतं. शिवाय कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जलक्रीडा बंद असते. त्या महिन्यांत अर्धवट टाकीतलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं. पाणी फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तिथेच असते. त्या थरात टू-स्ट्रोक ऑइलही नीट मिसळत नाही. मशीन बंद ठेवण्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करण्याला पर्याय नाही.

हे सगळं निस्तरल्यावर कारखान्याच्या मापापासून ट्यूनिंग सुरू करायचं, तेही पाण्यात. ट्रेलरवर इम्पेलरला भार नसतो आणि इंजिनाला थंड करायला पाणीही नसतं. आधी लो-स्पीड स्क्रूने स्लो स्थिर करा, मग पहिल्या तृतीयांश थ्रॉटलपर्यंतचा प्रतिसाद पॉप-ऑफ आणि पायलट जेटने, मधला पल्ला मेन जेटने, आणि शेवटचा चतुर्थांश हाय-स्पीड स्क्रूने. शेवटच्या टप्प्यात स्क्रू थोडा जास्तच उघडा, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवून सुरुवात करावी.

मग मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर थोडं धावून, थ्रॉटल न सोडता लॅनयार्ड (इंजिन बंद करणारी, चालकाला बांधलेली दोरी) ओढून इंजिन बंद करा आणि प्लग काढा. प्लगच्या रंगापेक्षा मी पिस्टनच्या माथ्याकडे जास्त बघतो: आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाने धुतलेले काजळीविरहित ठिपके कडेला दिसायला हवेत. ते नाहीसे झाले असतील तर मिश्रण लीन आहे. दोन सिलिंडरपैकी एकाचेच ठिपके गायब असतील तर स्क्रू तसेच राहू द्या. त्या बाजूच्या कार्ब्युरेटरचा डायफ्राम आणि गॅस्केट, शिवाय इंजिनाच्या मुख्य दांड्याचं क्रँक सील तपासा. हवा तिथूनही आत शिरते.