बालवाडीतलं चित्र: साच्यापासून मोकळ्या हातापर्यंत

बालवाडीच्या वेळापत्रकात चटईकाम, चिकटकाम, मातीकाम हे शब्द इतके रुळलेत की ते कुठून आले याचा विचार कोणी करत नाही. त्यातलं बरंचसं फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाकडून आलं. ब्लांकेनबुर्ग गावात १८३७ साली त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंफून चटई विणणं, घड्या घालणं, सुईने टोचून नक्षी उठवणं हे त्याच्या पद्धतीतले उद्योग. चित्र मात्र चौकटी आखलेल्या पाटीवर, त्या रेघांच्या आधारानेच काढायचं. हाताला काम मिळालं, पण हात कुठे जाणार हे आधीच ठरलेलं होतं.

आपल्या शाळांमध्ये ड्रॉइंग वेगळ्या वाटेने आलं. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्या काळातल्या इंग्रज धोरणाला हवा होता तो अचूक रेघ ओढणारा कारागीर. त्यामुळे नमुना समोर ठेवून हुबेहूब उतरवणं हाच चित्रकलेचा अर्थ शाळांत रुजला. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांनी मोठ्या मुलांना शिस्त दिली, हे खरं. पण तोच मापदंड चार वर्षांच्या मुलाला लागला आणि फार नुकसान झालं. ‘मला चित्र येत नाही’ असं सांगणारी मोठी माणसं घरोघरी आहेत, ती यातूनच तयार झाली असं माझं ठाम मत आहे.

मुलांच्या चित्राला स्वतःचं मोल आहे, हे जोरात मांडलं व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकने. मुलं कुंपणाच्या फळ्यांवर मन लावून चित्रं काढतात, हे त्याने खिडकीतून पाहिलं होतं, असं तो सांगत असे. १८९७ मध्ये त्याने मुलांचा चित्रवर्ग काढला. तिथे कित्ता नव्हता. पुढे टीकाकारांनी दाखवून दिलं की त्याच्या वर्गातली चित्रं एकमेकांसारखी दिसतात, शिक्षकाची आवड त्यांत उतरते. हा आक्षेप मला पटतो. शिक्षकाने तोंडाने काही सांगितलं नाही तरी त्याला काय आवडतं ते मुलं बरोबर ओळखतात.

मारिया मॉन्टेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडलं. तिचा मोकळ्या चित्रावर विशेष भरवसा नव्हता. धातूच्या साच्यांच्या कडेने पेन्सिल फिरवायची, आत रेघा भरायच्या. हात आणि डोळा तयार झाला की चित्र येईल, असं तिचं म्हणणं. महाराष्ट्रातल्या बालशिक्षणावर सर्वांत खोल छाप पडली ती तिचीच. गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं भावनगरचं बालमंदिर १९२० चं. ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबतीला आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. मॉन्टेसरीची महाग साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या आल्या. खर्च वाचवण्यासाठी केलेल्या या बदलाने मुलांना फार मोठी मोकळीक दिली. ठरावीक साच्याची कड एकच असते, चिंचोक्यांची मांडणी मात्र ज्याची त्याची.

शिवाय कोसबाड डहाणू तालुक्यात, वारली वस्तीच्या परिसरात. तिथे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठीचं चौकोनी चित्र, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जातो. हे काम परंपरेने सुवासिनींचं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला १९७० च्या दशकात कागदावर आणि बाहेरच्या जगात गेली. त्या पाड्यांवरच्या मुलांना चित्र म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या पद्धतीच्या शाळेत १९४४ पासून देवी प्रसाद कला शिकवत होते. ते शांतिनिकेतनात शिकलेले. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, ही त्यांची भूमिका. मोठ्या वयाच्या मुलांबरोबर त्यांनी जे केलं, त्याची दखल बालवाड्यांनी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही.

तीन वर्षांच्या मुलाकडे नीट पाहिलं तर देवी प्रसादांचं म्हणणं पटतं. खडू मुठीत धरून ते खांद्यापासून हात फिरवतं, गिरगोटा होतो. काही महिन्यांनी एक रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते, गोल बंद होतो. मग त्या गोलाला डोळे येतात आणि पाय थेट डोक्यातूनच निघतात. कलाशिक्षणाचा अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ मध्ये हे टप्पे सविस्तर मांडले. या वेळी ‘पोट कुठे आहे?’ असं विचारणारा शिक्षक मुलाला थांबवतो. ‘याची गोष्ट सांग ना’ म्हणणाऱ्याला ते अर्धा तास सांगत बसतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात चित्रकला व हस्तकलेचा स्पष्ट उल्लेख केला. वर्गात मात्र छापील आकृतीत रंग भरणं अजून जोरात आहे, कारण भिंतीवर लावायला ते नीटस दिसतं आणि पालकांना दाखवता येतं. त्यातच पहिलीच्या प्रवेशाआधी अक्षरं गिरवून घेण्याची घाई असते, आणि वेळ कमी पडला की आधी खडूचा डबाच कपाटात जातो.