प्रकाशीय मेंदूप्रतिमांकन : खानदेशातील संशोधनाची पूर्वतयारी

कवटीच्या बाहेरून निकट-अवरक्त प्रकाश आत सोडून, परत येणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातील, रक्तपुरवठ्याचे बदल मोजण्याच्या पद्धतीला प्रकाशीय मेंदूप्रतिमांकन म्हणतात. तिचा सर्वाधिक रुळलेला प्रकार म्हणजे कार्यात्मक निकट-अवरक्त वर्णपटमापन. संशोधकांच्या बोलण्यात तो एफनिर्स या नावाने ओळखला जातो. या पद्धतीत सुई टोचावी लागत नाही, किरणोत्सर्गी द्रव्य द्यावे लागत नाही आणि व्यक्तीला एमआरआय यंत्राच्या बोगद्यात निश्चल पडून राहावे लागत नाही. टोपीत बसवलेली उपकरणे एका पेटीत मावतात. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पाड्यांवर, जिथून मोठे रुग्णालय गाठणे हाच एक दिवसाचा खटाटोप असतो, तिथे मेंदूविषयक संशोधनासाठी ही पद्धत विशेष सोयीची ठरू शकते.

तत्त्व : सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्वचा, हाड आणि पाणी यांत तुलनेने कमी शोषला जातो, त्याचा लक्षणीय भाग रक्तातील हिमोग्लोबिन शोषते. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनचे शोषण सुमारे ८०० नॅनोमीटरच्या आसपास सारखे असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे होते. म्हणून बहुतेक उपकरणे एक तरंगलांबी अलीकडची आणि एक पलीकडची, उदाहरणार्थ ७६० आणि ८५० नॅनोमीटर, वापरतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त रक्त धाव घेते. परिणामी ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन वाढते आणि ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन थोडे घटते. हा प्रतिसाद सावकाश येतो आणि उद्दीपनानंतर साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो. संशोधक फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ मध्ये जिवंत मेंदूतील ऑक्सिजनचे बदल या प्रकाशाने टिपता येतात हे दाखवले, आणि १९९३ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी माणसाच्या मेंदूच्या कार्यावरील मोजमापे प्रसिद्ध केली. दरम्यान डेव्हिड डेल्पी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेला सुधारित बीअर-लँबर्ट नियम आजही प्रकाशाच्या आकड्यांचे हिमोग्लोबिनच्या बदलात रूपांतर करण्यासाठी वापरला जातो.

नव्या संशोधकाने एक मर्यादा पहिल्या दिवसापासून मनात ठेवली पाहिजे. एकाच तीव्रतेचा प्रकाश सतत सोडणारी प्रचलित अखंड-प्रकाश उपकरणे हिमोग्लोबिनची एकूण पातळी सांगत नाहीत, फक्त आरंभबिंदूपासून झालेला बदल सांगतात. त्यामुळे एका व्यक्तीचा आकडा दुसऱ्या व्यक्तीच्या आकड्याशी थेट ताडून पाहणे चुकीचे ठरते. दुसरी मर्यादा खोलीची आहे. प्रौढ व्यक्तीत प्रकाशस्रोत आणि परतलेला प्रकाश टिपणारा ग्राही यांच्यात साधारण ३ सेंटिमीटर अंतर ठेवतात आणि मोजमाप त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे बाह्यकाच्या वरच्या थरापर्यंतच पोहोचते. लहान बाळांत हे अंतर २ ते २.५ सेंटिमीटर पुरते. स्मृतीसाठी महत्त्वाचा असलेला हिप्पोकॅम्पस किंवा इतर खोलवरचे भाग या प्रकाशाच्या कक्षेत येत नाहीत.

प्रश्न आणि उपकरण : यंत्र विकत घेण्याआधी प्रश्न ठरला पाहिजे, कारण टोपीवरील ऑप्टोडची (प्रकाश सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या टोकांची) मांडणी, खोल्यांची व्यवस्था आणि माणसांची निवड या सगळ्या गोष्टी प्रश्नावरून ठरतात. खानदेशात याचे एक चांगले उदाहरण सहज सापडते. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी ऐकते, तेव्हा त्याच्या कपाळामागील आणि कानशिलाजवळील बाह्यकाचा प्रतिसाद दोन्ही भाषांसाठी कसा बदलतो, हा प्रश्न या पद्धतीला पेलणारा आहे. तो बाह्यकाच्या वरच्या भागाशी निगडित आहे आणि त्याची चाचणी शाळेच्या एका वर्गखोलीत घेता येते.

उपकरणांची किंमत काही लाखांपासून कोटीच्या घरात जाते. एलईडीवर चालणारी यंत्रे हलकी आणि बॅटरीवर चालणारी असतात. लेसर-डायोडच्या यंत्रांचा प्रकाश अधिक काटेकोर तरंगलांबीचा असतो, पण त्यांना डोळ्यांच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडकपणे लागू पडतात. वाहिन्यांची, म्हणजे स्रोत आणि ग्राही यांच्या जोड्यांची, संख्या पाहून भुलू नये. संपूर्ण डोके झाकणाऱ्या पण लघुवाहिन्या (स्रोताच्या अगदी जवळ ग्राही असलेल्या जोड्या) नसलेल्या यंत्रापेक्षा थोड्या वाहिन्यांचे, परंतु लघुवाहिन्या असलेले यंत्र नवख्या प्रयोगशाळेसाठी अधिक उपयुक्त आहे. स्रोतापासून सुमारे ८ मिलिमीटरवर ग्राही ठेवला की त्यात प्रामुख्याने टाळूच्या त्वचेतील रक्ताचा ठसा उमटतो, आणि विश्लेषणात तो मुख्य संकेतातून वजा करता येतो. खेड्यात वीज जाण्याचा अनुभव नवा नाही. म्हणून यंत्र आणि संगणक दोन्ही बॅटरीवर पुरेसा वेळ चालतात का, हे खरेदीपूर्वीच तपासावे. टोपीही एकच नको, डोक्याच्या घेराप्रमाणे वेगवेगळ्या मापांच्या टोप्या लागतात.

डोक्यावर यंत्र बसवणे : एफनिर्सचे बहुतेक यशापयश इथेच ठरते. प्रकाशाच्या वाटेत काळा दाट केस आला की ग्राहीपर्यंत फारच थोडा प्रकाश पोहोचतो, आणि त्वचेतील मेलॅनिनही त्यात आपला वाटा घेते. म्हणून प्रत्येक ऑप्टोडच्या छिद्रातून कापसाच्या काडीने केस हळूहळू बाजूला सारून टाळूची त्वचा दिसू लागल्याशिवाय ऑप्टोड दाबून बसवू नये. खोबरेल तेल लावण्याची सवय सार्वत्रिक असल्यामुळे सहभागींना आदल्या दिवशी डोके धुऊन यायला सांगणे हिताचे. तेल राहिले तर ऑप्टोडची टोके चिकट होतात आणि प्रत्येक व्यक्तीनंतर ती पुसावी लागतात. अंबाडा, वेणी किंवा गजरा असेल तर टोपी मागच्या बाजूला उचलली जाते. कपाळावरील कुंकू किंवा टिकली वाहिनीच्या अगदी समोर येते. ती काढण्याची विनंती स्त्री-सहायकाने, कारण समजावून आणि नकाराला जागा ठेवून करावी. मोजमाप संपल्यावर परत लावायला आरसा आणि टिकल्यांचे पाकीट जवळ असावे. वयस्क स्त्रियांच्या कपाळावरील गोंदणाचा रंग प्रकाश शोषतो आणि तो काढता येत नाही. अशा वेळी त्या जागेवरील वाहिनी आधीच वगळणे आणि नोंदवहीत तसे लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

टोपीची जागा आंतरराष्ट्रीय १०-२० पद्धतीने ठरवतात. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील हाडाच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापुढच्या खळगीपर्यंत फीत धरून दोन्ही रेषांचे मध्य जिथे छेदतात, ते डोक्याचे शिखर. टोपीचा मध्यबिंदू नेमका त्यावर आला नाही तर सगळ्या वाहिन्या दुसऱ्याच भागावर सरकतात.

उष्णता आणि रक्ताची स्थिती : जळगाव आणि भुसावळ परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. उन्हातून आलेल्या माणसाच्या टाळूच्या त्वचेत रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि घामाने ऑप्टोड सरकतात. त्यामुळे मेंदूच्या प्रतिसादाऐवजी त्वचेचाच प्रतिसाद मोजला जाण्याचा धोका असतो. सहभागीला सावलीत, पंख्याखाली किमान अर्धा तास बसवून पाणी द्यावे आणि खोलीचे तापमान प्रत्येक वेळी नोंदवावे. थेट उन्हात अवरक्त किरण मुबलक असल्याने खिडक्या झाकाव्यात आणि टोपीवर काळे कापड बांधावे. चहातील कॅफीन मेंदूचा रक्तप्रवाह कमी करते, म्हणून चाचणीपूर्वीचे काही तास चहा-तंबाखू टाळावा. पाहुण्याला आल्याबरोबर चहा देण्याची रीत असलेल्या घरी हे आगाऊच सांगून ठेवावे लागते. वर्षाचे वेळापत्रक आखताना आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) काळ सोडावा. तेव्हा सासुरवाशिणी माहेरी गेलेल्या असतात आणि ऊनही भर असते. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमजूर कुटुंबांना मजुरी बुडवून बोलावणे अन्यायाचे आहे.

नंदुरबार व लगतच्या आदिवासी भागांत भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल आजारात, तसेच तीव्र रक्तक्षयात, मेंदूचा रक्तप्रवाह मुळातच वाढलेला असतो. हिमोग्लोबिनवर आधारलेल्या मोजमापात ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. म्हणून सहभागीचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची स्थिती ठाऊक असणे संशोधनाच्या आराखड्याचाच भाग असावा, अर्थात त्या माहितीची गुप्तता राखून. तपासणीत नवा रुग्ण आढळल्यास त्याला शासकीय आरोग्यसेवेकडे पाठवण्याची सोयही आधीच ठरलेली हवी.

संमती : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या आचारनीती समितीची मान्यता मोजमाप सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. माहितीपत्रक केवळ प्रमाण मराठीत असून भागत नाही. ते अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या सहायकाने तोंडी समजावले पाहिजे. वाचता-लिहिता न येणाऱ्या व्यक्तीच्या अंगठ्यासोबत निःपक्षपाती साक्षीदाराची सही लागते. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि ७ वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही आवश्यक आहेत. गावच्या पाटलाची किंवा सरपंचाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

पहिले मोजमाप : खऱ्या अभ्यासाआधी परिचित कृतीने यंत्र पारखून घ्यावे. उजव्या हाताची बोटे अंगठ्याला टेकवण्याची कृती २० सेकंद करायला लावून नंतर विश्रांती दिली, तर डाव्या बाजूच्या प्रेरक (हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या) बाह्यकावर ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचा चढ आणि ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनचा उतार दिसला पाहिजे. विश्रांतीचा कालावधी दरवेळी कमी-जास्त ठेवावा. रक्तदाबाच्या सुमारे १० सेकंदांच्या नैसर्गिक लाटा कृतीच्या तालाशी जुळल्या, तर खोटा प्रतिसाद तयार होतो. पडद्यावरील कच्च्या संकेतात हृदयाचे ठोके, सेकंदाला साधारण एक या गतीने, स्पष्ट दिसत असतील तर ऑप्टोड टाळूला नीट टेकला आहे असे समजावे. ते दिसत नसतील तर त्या वाहिनीचे केस पुन्हा सारावेत, रेकॉर्डिंग पुढे रेटू नये.

विश्लेषणासाठी होमर-३ आणि एमएनई-निर्स ही मुक्त उपलब्ध सॉफ्टवेअर वापरात आहेत. कच्ची माहिती स्निर्फ (SNIRF) या समान स्वरूपात जतन केल्यास ती वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते. हालचालीचे धक्के दुरुस्त करण्याची पद्धत आणि वाहिन्या वगळण्याचा निकष आकडे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावेत. अहवालात सहभागींच्या केसांचा दाटपणा, त्वचेचा वर्ण आणि वगळलेल्या वाहिन्यांची संख्या दिली जावी, कारण दाट काळ्या केसांच्या माणसांचे संकेत गुणवत्तेअभावी गाळले गेले तर ज्या लोकसमूहाचा अभ्यास करायला निघालो, तोच निष्कर्षांतून वगळला जातो.