शेतकरी कुटुंबांच्या आठवडे बाजाराची पार्श्वभूमी

वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ च्या वऱ्हाडातील आणि पुढे १९२७ व १९३९ च्या मुंबई इलाख्यातील कायद्यांनी ती पद्धत विस्तारली, आणि १९६३ च्या राज्य अधिनियमाने तिला आजच्या बाजार समित्यांचे रूप दिले. माप आणि भाव यांतील फसवणूक थांबविणे हा या साऱ्याचा मूळ हेतू होता. मात्र भाजीपाल्यासारख्या नाशवंत मालाच्या बाबतीत संरक्षणासाठी उभारलेले बाजार समितीचे आवारच पुढे अडचणीचे ठरले. मुंबईचा घाऊक फळ-भाजी बाजार १९९६ मध्ये वाशीला हलला, तरी अडत (अडत्याची दलाली), हमाली आणि तोलाई यांची वजावट शेतकऱ्याच्या पट्टीतूनच, म्हणजे विक्रीच्या हिशोबातूनच, होत राहिली.

जुलै २०१६ मध्ये अध्यादेशाद्वारे फळे व भाजीपाल्याची आवाराबाहेरील विक्री बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करण्यात आली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, शहरांत भाजीचे भाव चढले, आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत विधान भवनाच्या आवारात संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचा प्रारंभ झाला. त्यामुळे या निर्णयानेच शेतकऱ्याला थेट विक्रीचा हक्क मिळाला, असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. १९६३ च्या अधिनियमातच किरकोळ विक्री, शेतकऱ्याने स्वतः पिकविलेल्या मालाची विक्री आणि घरगुती वापरासाठी केलेली खरेदी यांना परवान्याच्या अटीतून वगळलेले होते. स्वतःच्या वावरातील मेथीच्या जुड्या शहरात आणून विकणारे कुटुंब कायद्याने कधीच दोषी नव्हते.

अडचण होती ती शेजाऱ्याच्या मालाची. ग्राहकाला एकाच ठिकाणी आठ-दहा प्रकारच्या भाज्या हव्या असतात, आणि दोन-तीन एकरांचे बागायती कुटुंब बारा महिने तेवढे वैविध्य पिकवू शकत नाही. म्हणून वांगी भावकीतल्या कोणाची, पालेभाजी शेजारच्या मळ्यातली, आणि टेम्पोचे भाडे सर्वांचे मिळून, अशी जुळवाजुळव करावीच लागते. ज्या क्षणी एक कुटुंब दुसऱ्याचा माल घेऊन शहराकडे निघे, त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने त्याचा परवाना लागणारा व्यापारी होत असे. २०१६ च्या निर्णयाचे खरे मोल ही सीमा फळे-भाजीपाल्यापुरती पुसण्यात आहे, आणि शेतकरी गटांना व उत्पादक कंपन्यांना उजळ माथ्याने शहरात उभे राहता आले ते त्यामुळेच. आवारातील हमाल-मापाड्यांच्या रोजगाराचा प्रश्न त्या वेळी मांडला गेला आणि तो खराच होता. परंतु त्याचा भार अल्पभूधारकाच्या पट्टीवर कायम ठेवणे हे त्याचे न्याय्य उत्तर नव्हते.

सेंद्रिय मालाबाबत हाच प्रश्न निराळ्या रूपात पुढे आला. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाला प्रमाणीकरण आवश्यक केले, मात्र मूळ उत्पादक किंवा उत्पादकांची संघटना अंतिम ग्राहकाला थेट विकत असेल, तर सूट दिली. त्यामुळे पालाखाली बसलेल्या कुटुंबाला स्वतःच्या मालापुरती मोकळीक आहे, पण गटात नसलेल्या शेजाऱ्याची गवार त्याच क्रेटमध्ये आली की ती सूट तिला लागू होत नाही. परस्पर-पडताळणीची पद्धत यावर उपयुक्त ठरते, कारण तिच्यात लगतच्या गावांतील शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात आणि त्रयस्थ संस्थेच्या तपासणीचा खर्च वाचतो. जमिनीचा पोत जपणारी शेती टिकवायची असेल, तर अशा गटांना आठवडे बाजारात अग्रक्रम मिळायला हवा.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत बाजार आवारे वारंवार बंद पडली, तेव्हा पुणे-मुंबईतील गृहसंकुलांच्या फाटकांपर्यंत भाजी पोहोचली ती बऱ्याच अंशी शेतकरी गटांमुळे. निर्बंध उठल्यावर त्यांतील काही मागणी ओसरली. केंद्राचे २०२० चे कृषी कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. तथापि राज्यातील फळे-भाजीपाल्याची मुभा त्यांच्या आधीची असल्याने त्या वादाचा तिच्याशी थेट संबंध नव्हता. जागेचा प्रश्न मात्र यांपैकी कोणत्याच कायद्याने हाताळलेला नाही. मैदान, रस्त्याची कडा किंवा मोकळा भूखंड यांची परवानगी स्थानिक प्रशासनाच्या हाती असते, आणि नेमून दिलेली कायमची जागा व पाणी यांवाचून कोणतेही कुटुंब पुढच्या हंगामाची लागवड त्या बाजारावर विसंबून करू शकत नाही.