१९ मे १७८०चा अंधार : ग्रहण नव्हे, वणव्याचा धूर

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात १९ मे १७८० रोजी भरदुपारी मेणबत्त्या लावाव्या लागल्या. कोंबड्या खुराड्यात शिरल्या, माणसं प्रार्थनेला धावली. ‘ते सूर्यग्रहण होतं’ किंवा ‘कारण आजही गूढ आहे’, असं अजून सांगितलं जातं. दोन्ही चूक.

सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होतं. तेव्हा तर नुकतीच पौर्णिमा झाली होती! शिवाय खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटं टिकते. हा अंधार कित्येक तास राहिला, रात्री चंद्रही दिसेना.

खरं कारण लोकांच्या पिंपांतच होतं. पावसाच्या पाण्यावर काजळीची साय आणि जळक्या पानांचा वास. आधीचे काही दिवस सूर्य लालसर दिसत होता, तोही धुरामुळेच. पुढे कॅनडातल्या ओंटारिओमधल्या झाडांच्या वाढवलयांत त्याच वर्षीच्या आगीचे व्रण सापडले. वणव्याचा धूर वाऱ्याबरोबर आला, त्यात दाट ढग मिसळले आणि उजेड अडला.

सगळेच घाबरले होते, हेही खरं नाही. कनेक्टिकटच्या विधिमंडळात बैठक तहकूब करण्याची सूचना आली, तेव्हा सदस्य अब्राहम डॅव्हनपोर्ट यांनी ती नाकारून मेणबत्त्या मागवल्या. प्रलय असेल तर आपण कर्तव्य करताना सापडावं, हे त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.