अर्धा अंश आणि दुपारची फेरी

मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर जातो. अशा दुपारी पलासियाहून राजवाड्यापर्यंत स्कूटरवर फेरी मारून आलेल्या एमएसच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, रुग्णाला कॉम्प्युटरवरची अक्षरं धूसर दिसू लागतात, पाय जड होतात. साहेब समजतात, आजार वाढला. बहुधा वाढलेलं असतं ते अंगातलं तापमान.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पुढे सरकतो. उष्णतेने तंतूतली, सोडियमचे कण आत सोडणारी दारं लवकर मिटतात, विजेचा ठोका तोकडा पडतो आणि संदेश वाटेतच विझतो. त्यासाठी शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. श्रमानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० साली नोंदवलं. अंग गार झालं की त्रास ओसरतो. नवी इजा झालेली नसते. ताप किंवा संसर्ग नसताना नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टला गाठायचं.

हा आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीत, ऐन नोकरीच्या वयात गाठतो. म्हणून पहिला बदल घड्याळात करायचा. निरोगी माणसाच्याही शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि सायंकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. हिशेब, मसुदे, डोकं लागणारं सगळं सकाळी; बाहेरची कामं ११ च्या आत. एमएसचा थकवा झोप काढून पुरता जात नाही, म्हणून दमल्यावर नव्हे, दमण्याआधी १५ मिनिटं पाठ टेकायची. कामचुकारपणाचा शिक्का बसतो तो नेमका इथेच, कारण थकवा बाहेरून दिसत नाही.

गारव्याचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. माळव्यातल्या कोरड्या मेमध्ये ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर साधारण २६ अंशांची हवा देतो. मानेवरचा ओला पंचाही तेव्हा कामाचा. जुलैत हवाच ओलसर, पाणी उडत नाही. तेव्हा एसीजवळची जागा किंवा बर्फाच्या पिशव्यांचं जॅकेटच हवं.

आता जरा अवघड विषय. या आजारात लघवीची घाई होते. संडास लांब असला की माणूस पाणी कमी पितो, त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, ताप येतो आणि तापाने जुनी सगळी लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात. टेबल संडासाजवळ हलवायला कार्यालयाचा एक पैसा लागत नाही!

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. खासगी नोकरीला हे संरक्षण तसंच्या तसं नाही, पण २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावंच लागतं. अर्ज करण्याआधी ते मागून वाचावं. आणि अर्जात ‘सवलत मिळावी’ असं मोघम नको. ‘१५ मार्च ते ३० जून ८ ते ४ ही वेळ, दुपारी बाहेरची फेरी नाही, टेबल तळमजल्यावर’ असं लिहावं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी आणि तीन महिन्यांनी फेरविचाराची तारीख आपणच घालावी.