अंतर्कर्णातून येणारी चक्कर: उपायांची पार्श्वभूमी

अंतर्कर्णाच्या, म्हणजे ऐकण्याबरोबर शरीराचा तोलही सांभाळणाऱ्या कानाच्या सर्वांत आतल्या भागाच्या, बिघाडामुळे चक्कर येणाऱ्या रुग्णाला आज डॉक्टर शक्य तितक्या लवकर उठून हालचाल सुरू करायला सांगतात, तेव्हा अनेकांना तो सल्ला चुकीचा, प्रसंगी निष्ठुरही वाटतो. मान वळवली की खोली फिरते, मग मान वळवायचीच कशाला, ही शंका स्वाभाविक आहे. हा सल्ला कसा रुजला हे पाहायला फार मागे जावे लागत नाही, कारण चक्कर कानातूनही येऊ शकते हे मान्य होऊन अजून पावणेदोनशे वर्षेही झालेली नाहीत.

१८६१ पर्यंत अचानक गरगरून कोसळणारा माणूस मेंदूत रक्त साचल्याचा रोगी समजला जाई आणि त्याचे रक्त काढले जाई. त्या वर्षी पॅरिसमधील एका वैद्याने चक्कर, कानातील आवाज आणि बहिरेपणा ही तीन लक्षणे एकत्र आली तर दोष अंतर्कर्णात असतो, असे मांडले. मेनिएर विकार हे नाव त्याच्यावरूनच पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी, कान धुताना पाणी गार असले तर बुबुळे एका दिशेने आणि गरम असले तर विरुद्ध दिशेने झटके देतात, या निरीक्षणातून अंतर्कर्णाची परीक्षा तयार झाली आणि तिच्या कर्त्याला १९१४ चे नोबेल मिळाले. दोष कुठे आहे हे कळू लागले, पण रुग्णाने दिवस कसा काढायचा, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये मिळाले. डोक्याला मार लागलेले सैनिक आणि कानाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्यापैकी जे लवकर हिंडूफिरू लागत, त्यांची चक्कर पडून राहणाऱ्यांपेक्षा आधी ओसरते, हे तेथील एका कानतज्ज्ञाच्या लक्षात आले. त्यातून व्यायामांचा एक क्रम बांधला गेला. आधी अंथरुणातच फक्त डोळे वरखाली आणि डावीउजवीकडे फिरवायचे, मग मान, तीही आधी हळू आणि नंतर वेगाने व शेवटी डोळे मिटून. पुढे बसून खांदे हलवायचे, उभे राहून लहानसा चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकायचा, वाकून तो गुडघ्याखालून फिरवायचा, आणि सरतेशेवटी जिना व उतार चढायचा-उतरायचा. यातल्या हालचाली मुद्दाम चक्कर आणणाऱ्याच निवडलेल्या होत्या. कानाकडून येणारा चुकीचा संदेश मेंदूला वारंवार मिळाला, तरच तो डोळ्यांच्या आणि पायांच्या साक्षीने त्याचा हिशेब दुरुस्त करतो.

कानाची उणीव मेंदू किती दूरवर भरून काढू शकतो, हे १९५२ मध्ये एका डॉक्टरानेच लिहून ठेवले. गुडघ्याच्या क्षयासाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने त्याच्या दोन्ही अंतर्कर्णांतील तोल राखणारी यंत्रणा निकामी झाली होती. सुरुवातीला नाडीच्या ठोक्यासरशी पानावरची अक्षरे उडत, म्हणून पलंगाच्या उशाकडील दोन गजांमध्ये डोके घट्ट रोवून त्याला वाचावे लागे. कालांतराने तो पुन्हा हिंडूफिरू लागला. अंधारात मात्र डोळ्यांचा आधार सुटे.

मग गोळ्यांचे काय? अंतर्कर्णाचा संदेश दडपणारी औषधे पहिल्या दोन-तीन दिवसांच्या उलट्या आणि असह्य गरगर थांबवण्यासाठी खरोखर उपयोगी आहेत. पण ती महिनोन्महिने चालू राहिली की मेंदूला चूक जाणवत नाही आणि ती दुरुस्त करण्याचे कारणही उरत नाही. मेनिएर विकारात आणखी एक अडचण आहे: त्याचे झटके आपोआपही विरळ होत जातात, त्यामुळे त्या काळात केलेला कोणताही उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. बीटाहिस्टिन हे त्यावर फार वापरले जाणारे औषध. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२१ रुग्णांवर नऊ महिने चाललेल्या जर्मन चाचणीत ते औषध घेणाऱ्यांचे आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे झटके सारखेच घटले.

या साऱ्यात सर्वाधिक गोंधळ ‘चक्कर’ या शब्दाने घातला आहे. मराठीत गरगरणे, भोवळ, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणे असे वेगवेगळे शब्द असूनही दवाखान्यात बसल्यावर आपण सगळ्यांना चक्करच म्हणतो. उठल्यावर रक्तदाब उतरून येणारी अंधारी आणि कुशीवर वळताच फिरणारे छत यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू नाही. ही अडचण आपल्याच भाषेची आहे असेही नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत चक्करेचे चार प्रकार ठरवण्यात आले: गरगरणे, शुद्ध हरपेलसे वाटणे, तोल सुटणे आणि डोके हलके होणे. रुग्णाने निवडलेल्या शब्दावरून कारण ओळखायचे, असा शिरस्ता त्यातून पडला आणि तो पुढे अनेक वर्षे शिकवला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेच प्रश्न थोड्या मिनिटांनी पुन्हा विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांनी दुसरा प्रकार निवडला. त्यांचा त्रास खरा होता, फक्त त्याला बसेल असा शब्द त्यांच्या हाताशी नव्हता. चक्कर किती वेळ टिकते आणि कशामुळे सुरू होते, हे मात्र रुग्ण बऱ्याच खात्रीने सांगू शकत होते. म्हणून आता ‘कसे वाटते’ याहून ‘कधी होते’ याला जास्त वजन आहे, आणि माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने गेल्या काही दशकांतला हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

त्याचा थेट फायदा बीपीपीव्ही या विकारात दिसतो. यात चुनखडीसारखे सूक्ष्म कण जागा सोडून अंतर्कर्णातल्या, डोक्याचे फिरणे ओळखणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, आणि कूस बदलताच एक मिनिटाहूनही कमी वेळ खोली गरगरते. हे कण डोके ठरावीक क्रमाने वळवून पुन्हा बाहेर काढता येतात, असे एका अमेरिकी शल्यविशारदाने १९८० च्या सुमारास मांडले, पण इतक्या साध्या कृतीवर व्यवसायबंधूंचा विश्वास बसेना. शोधनिबंध प्रसिद्ध व्हायला १९९२ उजाडले. कृतीनंतर दोन दिवस बसून झोपायचे, मान वाकवायची नाही, हे निर्बंधही तिच्यासोबत आले आणि रुग्ण मान ताठ धरून रात्री काढू लागले. अमेरिकेतील कानतज्ज्ञांच्या २०१७ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी हे निर्बंध घालू नयेत असे स्पष्ट सांगितले, आणि या विकारात चक्कर दडपणाऱ्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, असेही त्यांत नमूद आहे.